पीएस टूचा (प्लेस्टेशन २) गेमप्ले लॅपटॉपवर कसा रेकॉर्ड करायचा?

भावा, डबा टीव्हीसमोर मोबाईल धरून शूट करतोयस ना, ते आधी बंद कर, त्यात पट्टे येणारच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटला जा, पिवळी-पांढरी-लाल पिन लागते तसलं यूएसबी कॅप्चर डोंगल बघ (कन्सोलचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं), आणि लॅपटॉपवर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे. पण खरी गोम केबलमध्ये आहे, पिवळ्या पिनमधून रंग आणि उजेड एकाच वायरीतून येतात म्हणून चित्र पसरट दिसतं, पीएस टूला हिरवी-निळी-लाल कंपोनंट केबल पण लावता येते, ती घेतलीस तर फरक लगेच कळेल, फक्त मग डोंगल पण कंपोनंटवालंच हवं. आपल्याकडचा कन्सोल पाल (५० हर्ट्झवर चालणारा टीव्ही सिग्नल) असेल तर ओबीएसमध्ये ५० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम, ठेव, ६० ठेवलंस की व्हिडिओ झटके मारतो (काही गेममध्ये ६० हर्ट्झचा ऑप्शन असतो, तेव्हा ६०). डीइंटरलेसिंग (एकाआड एक रेघांत येणारं चित्र सलग करणं) पण ऑन कर, नाहीतर कोणी पळालं की कंगव्यासारख्या रेघा. आणि हो, ओबीएसच्या प्रीव्ह्यूत बघून खेळू नको, चित्र उशिरा येतं, मी तसाच खेळलो आणि पहिल्याच बॉसकडून आठदा मेलो, स्प्लिटर (एका सिग्नलचे दोन करणारा) लाव आणि एक वायर टीव्हीला दे.