कॉम्प्रेसर थांबतच नाही! : कारखान्यातल्या विजेबद्दल वाचकांचे प्रश्न

भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही. मोठा घ्यावा का?

आधी गळती मोजा, पैसे लागत नाहीत. साप्ताहिक सुट्टीला सगळ्या मशीन बंद ठेवा, मशीनपर्यंतच्या हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि कॉम्प्रेसर चालू करा. हवा कुणी वापरत नसताना तो लोड घेतोय (हवा दाबून भरतोय), म्हणजे तेवढी हवा गळतेय. मोबाइलवर वेळ लावा. एक मिनिट लोड आणि तीन मिनिटं अनलोड (नुसतं फिरणं) असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली 25 टक्के हवा फुकट जाते. 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक म्हणायचं.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाइनभर फिरा. क्विक कपलर, होजचे क्लॅम्प, फिल्टरची वाटी बघा. पाणी साचू नये म्हणून कुणीतरी कायमचा किलकिला ठेवलेला ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) तर हमखास सापडतो. गळती बंद झाली की प्रेशरकडे वळा. मशीनला 6 बार पुरत असताना सेटिंग साडेसातवर कशाला? थोडं थोडं उतरवत जा; एक बार कमी केला की 6-7 टक्के वीज वाचते. आणि ब्लो गननं शर्ट झटकणं बंद करा. ते महाग तर आहेच, डोळ्याला आणि कानाला धोक्याचंही आहे.

शिरोलीत फाउंड्री आहे. इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) तीच, चार्ज (भट्टीत टाकायचा धातू) तोच, तरी टनामागे युनिट रोज वेगळे का?

झाकणामुळे. बहुतेक ठिकाणी ते असतं, पण भिंतीला टेकवलेलं! 1450 अंशांचा उघडा रस सतत उष्णता फेकत राहतो आणि तापमान धरून ठेवायला वीज जळते. मोल्ड (साचे) तयार नाहीत, लॅडल (रस ओतायचं भांडं) तापलेलं नाही, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट यायचाय. ही वाट बघण्याची मिनिटं प्रत्येक हीटच्या (वितळवण्याच्या खेपेच्या) नोंदीत लिहायला लावा. आठवडाभरात फरक कुठून येतो ते कळेल. चार्जमधली वाळू आणि गंजही झटका, नाहीतर स्लॅग (वर तरंगणारी मळी) वितळवायचे पैसे भरत बसाल.

आमचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन आहे. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) सुधारायला आणखी कपॅसिटर लावू का?

डोळे झाकून नको. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांचं बिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नाही तर एकूण ओढलेल्या विजेवर येतं. कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होऊन पॉवर फॅक्टर लीडिंगला (उलट बाजूला) गेला तरी ते वाढतं. रात्री लोड नसताना कपॅसिटर चालूच राहतात का, तेवढं बघा. एपीएफसी पॅनल (लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं) मॅन्युअलवर पडून असेल तर ऑटोवर टाका.