जुना झिरो-टर्न मोअर (जागच्या जागी वळणारं, गवत कापायचं मशीन) घेताना नेमकं काय तपासावं?

इंजिनापेक्षा आधी हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी यंत्रणा, तपासा. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र पंप आणि मोटर असते, आणि यात बिघाड निघाला तर खर्च सगळ्यात मोठा. घरगुती मॉडेल्समध्ये हे युनिट बरेचदा सीलबंद असतं. दुरुस्त न करता अख्खं बदलावं लागतं.

थंड मशीन छान पळतं, त्यावर जाऊ नका. वीसेक मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्या, मग हलक्या चढावर न्या. ताकद कमी पडली किंवा एक बाजू मागे राहिली, तर पंप झिजल्याची शक्यता धरा. मशीन फक्त एका बाजूला ओढत असेल तर घाबरू नका, तो कधीकधी नुसत्या ॲडजस्टमेंटचा किंवा टायरमधल्या हवेचा प्रश्न असतो.

विकणाऱ्याला इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं सांगा. थंड इंजिन कसं उचलतं ते पाहायचंय. निळसर धूर सतत येत राहिला तर ते तेल जाळतंय.

इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, हातमोजे घालून पाती हलवून बघा. वरखाली खेळ असेल तर स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय. डेकखालचा (पात्यांवरच्या धातूच्या आवरणाखालचा) गंज आणि वेल्डिंगचे तडेही बघा. तासांचं मीटर बदललेलं असू शकतं, त्यामुळे सीट आणि लिव्हरची झीज त्याच्याशी जुळते का ते पाहा.

सीटवरून उठल्यावर पाती थांबत नसतील तर सेफ्टी स्विच बायपास केलेला असू शकतो. असं मशीन मी तरी घेणार नाही.

तुमची जमीन बरीच उताराची असेल तर झिरो-टर्नचा विचारच पुन्हा करा.