चार दिवसांत स्कीइंग जमेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही ठाण्याचे, मी, नवरा आणि ११ वर्षांची मुलगी. २६ जानेवारीला जोडून चार दिवस सुट्टी जमतेय आणि लेकीने स्कीइंगचा हट्ट धरलाय. आम्ही तिघांनीही बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधलाच! उत्तराखंडातलं औली करावं की काश्मीरमधलं गुलमर्ग? ट्रॅव्हलवाला म्हणतो गुलमर्ग एका दिवसात होतं, श्रीनगरहून सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिथल्या गंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याचं तिकीट नाही मिळालं तर ट्रिप वाया जाईल का?

उत्तर : ट्रिप वाया गेलीच तर ती त्या एका दिवसाच्या हिशोबामुळे जाईल, तिकिटामुळे नाही.

आधी औलीचं बोलू. उतार छान आहेत, पण ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंत अख्खा दिवस गाडीत जातो, परत येताना तेवढाच, मग चार दिवसांत उरलं काय? शिवाय २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवेही बंद पडला. औली आठवडाभर हातात असेल तेव्हा करा.

गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. सकाळचं विमान पकडा आणि श्रीनगरात न थांबता थेट वर जा. बर्फ असला की घाटाच्या पायथ्याला टंगमर्गला गाडी बदलायला लावतात, पुढचा घाट फोर बाय फोर नाहीतर चाकांना साखळ्या लावलेली गाडी, त्याचे पैसे वेगळे, ते आधीच विचारून ठेवा म्हणजे तिथे कटकट नको. पहिल्या संध्याकाळी फक्त बूट आणि स्की मापाने घ्यायचे. दुसरा दिवस पूर्ण आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्कीइंग, मग खाली श्रीनगरला मुक्काम, कारण चौथ्या दिवशी सकाळी बर्फ पडायला लागला तर घाटातच अडकाल आणि विमान गेलं म्हणून समजा. आणि येण्याजाण्याचा दिवस २६ तारखेला येऊ देऊ नका, श्रीनगरात बंदोबस्त कडक असतो.

म्हणजे खरं स्कीइंग दीड दिवसच. चालतंय की! पहिले दोन तास तर पडल्यावर उठायचं कसं हेच शिकण्यात जातात. मी गेले तेव्हा पुण्याहून घेतलेले जाडजूड मोजे एकावर एक दोन घातले होते, वर बूट आवळलेले, अर्ध्या तासात बोटं बधिर. इन्स्ट्रक्टरने तिथेच बर्फावर बसवून एक जोडी काढायला लावली. स्कीचा बूट असा हवा की नडगी पुढे टेकली पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये, मोजा एकच, आणि आत पँट कोंबायची नाही. मग इन्स्ट्रक्टर स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून उलटा व्ही करायला शिकवतो, तोच तुमचा ब्रेक. भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि मागे झुकलं की स्की आणखी पळते, लेकीला हे तुमच्याआधी जमेल, लिहून ठेवा. इन्स्ट्रक्टर मात्र पूर्ण दिवसाचा घ्या, तासावर घेतलात तर अर्धा वेळ बूट चढवण्यातच जातो. जीन्स अजिबात नको, ओली झाली की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन पाहिजेच, बर्फावरून ऊन दुप्पट लागतं असं वाटतं.

आता गंडोला. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, पहिला टप्पा कोंगडोरीला ३१०० च्या आसपास नेतो आणि दुसरा अफरवतच्या डोंगरावर जवळपास ३९५० वर. वरून उतरणं हे कसलेल्या स्कीअरचं काम, तिथे हिमकडे कोसळतात. तुम्ही वर जाणार ते फोटो काढायला, दम लागणार, आणि वारा सुटला की तो टप्पा बंदही ठेवतात. म्हणून पहिल्या टप्प्याचं तिकीट ऑनलाइन काढा आणि दुसऱ्या टप्प्यासाठी जीव जाळू नका. शिकायचे उतार खालीच आहेत, त्यांना गंडोला लागतच नाही.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, घरातला एक नंबर तरी पोस्टपेड हवा.

राहता राहिला बर्फ. २०२४ च्या जानेवारीत महिना संपत आला तरी गुलमर्ग कोरडं होतं, त्यामुळे हॉटेल रद्द करता येईल असंच बुक करा आणि निघायच्या दोन दिवस आधी हॉटेलवाल्याला खिडकीतून त्याच दिवशीचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा, मागच्या वर्षीचा नको.