मुलीच्या डोक्यातून चिनी कविता काढायच्या कशा?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बारावी सायन्सला आहे, सोबत नीटची तयारी. दहावीला ९६ टक्के होते. आता टेस्टमध्ये मार्क घसरले म्हणून न सांगता हॉस्टेलवर गेलो, तर फिजिक्सच्या वहीत मागून पानंच्या पानं चिनी अक्षरं. विचारलं तर म्हणते, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कविता आहेत, सणांवरच्या, मला पुढे हेच शिकायचंय. असल्या रिकामटेकड्या उद्योगांनी पोट भरतं का? अभ्यासाची लिंक तुटू नये म्हणून गौरी-गणपतीला आणि दिवाळीलाही तिला घरी आणलं नाही, तरी ही तऱ्हा. एक एजंट म्हणतो, चीनला एमबीबीएसला पाठवा, डॉक्टरही होईल आणि चिनीही येईल, एका दगडात दोन पक्षी. २५ हजार ॲडव्हान्स दिलाय. रेक्टर म्हणतात हल्ली जेवणही कमी झालंय. तिच्या डोक्यातून हे खूळ कसं काढावं? वहीचे फोटो सोबत पाठवतोय.
एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर :

नमस्कार.

मुलीचे टक्के तुम्ही दुसऱ्याच वाक्यात सांगितलेत आणि जेवण कमी झाल्याचं शेवटी, जाता जाता. मी आधी जेवणाचं बोलते. हॉस्टेलवर एकटी मुलगी, अन्न तुटलेलं, सणासुदीला घर नाही. हे वाचून मला चिनीचं काही वाटलं नाही, मुलीची काळजी वाटली. येत्या शनिवारी तिला घेऊन या. चार दिवस राहू दे. झोप उडालीय का, उगाच रडू येतं का, हे तिच्या आईला निवांत विचारू दे, आणि तसं असेल तर डॉक्टरांकडे न्या. मनावर ताण आला तर मदत देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही तिच्या फोनमध्ये असू द्या. लिंक तुटेल म्हणाल, तर तुटू दे. लिंक पुन्हा लागते.

आता वही. फोटो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेत, आरोपीच्या घरातून जप्त केल्यासारखे. चिनी मलाही येत नाही, म्हणून चिनी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवले. पण प्रत्येक ओळीखाली पोरीने पेन्सिलने मराठी अर्थ लिहिलाय, तो तर तुम्हाला वाचता येत होता ना? पहिल्याच पानावर आहे :

परक्या गावात मी एकटा, परकाच.
सण आला की घरच्यांची आठवण दुपटीने येते.
इथूनही कळतंय, भाऊ डोंगर चढले असतील;
झूयूच्या डहाळ्या खोचताना एक जण कमी भरला असेल.

ही वांग वेई या जुन्या चिनी कवीची कविता. चिनी पंचांगात नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी उंच जागी चढून जायचं आणि झूयू नावाच्या झाडाची डहाळी अंगावर खोचायची, अशी जुनी चाल होती. त्या सणाला घरापासून लांब असलेल्या पोराने ही लिहिली. कवितेच्या नावाबरोबर त्याचं तेव्हाचं वयही परंपरेने नोंदलेलं आहे : १७. घर सोडून राजधानी चांगआनच्या वाटेला लागला होता तो, नशीब काढायला. त्याच्या, म्हणजे तांग राजघराण्याच्या, काळातल्या सुमारे ४९ हजार कविता आज जपलेल्या आहेत. त्यांतून तुमच्या मुलीने नेमकी ही उचलली, वर दिवाळीच्या पाडव्याची तारीख टाकली, आणि तुम्ही मला विचारताय की खूळ काढायचं कसं. मला तर ते तुम्हालाच लिहिलेलं पत्र वाटलं. घरी गेलात की तिच्या आईला वाचून दाखवा.

'रिकामटेकडे' म्हणालात म्हणून सांगते. त्या काळी मोठ्या सरकारी नोकरीसाठी जी सगळ्यात मानाची परीक्षा होती, तिच्यात कविता रचून दाखवावी लागे. वांग वेई ती पास होऊन अधिकारी झाला. रिपीटर तेव्हाही होते. मंग ज्याओ नावाचा कवी चाळिशी उलटून गेल्यावर पास झाला आणि त्या आनंदात घोडा उधळत एका दिवसात चांगआनची सगळी फुलं पाहून आल्याची कविता लिहून बसला. ७४७ साली प्रधान ली लिन्फूने एका खास परीक्षेत सरसकट सगळ्यांना नापास केलं. त्या नापासांत दू फू होता, ज्याला बरेच चिनी लोक आज आपला सर्वांत थोर कवी मानतात. परीक्षेचा ताप, घराची ओढ आणि हुकलेले सण या सगळ्याची या मंडळींना चांगली माहिती होती. तुमची मुलगी त्यांच्यात रमली यात नवल ते काय?

आता एजंटचे दोन पक्षी. एकही पडत नाही. बाहेर एमबीबीएस करायचं तरी नीटमध्ये पात्र व्हावंच लागतं, म्हणजे नीट काही टळत नाही. परतल्यावर इथे डॉक्टरकी करायला द्यावी लागणारी परीक्षा वेगळी : बीजिंगच्या भारतीय दूतावासाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेले ४०,४१७ जण त्या परीक्षेला बसले, पास झाले ६,३८७. हे झालं डॉक्टरकीचं. चिनीचं तर त्याहून गमतीचं. आपल्या नियमांप्रमाणे तिथला कोर्स इंग्रजी माध्यमातूनच हवा. चिनी शिकावी लागते ती एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या चौथ्या पायरीपर्यंत, जुन्या मोजणीने साधारण १,२०० शब्द. त्यात पेशंटला 'कुठे दुखतंय' विचारता येईल, बाजारहाट करता येईल. वांग वेई मात्र वाचता येणार नाही. तो ज्या जुन्या लिखित चिनीत लिहितो तिचं व्याकरण निराळं, वाक्यं आखूड, कर्ता बहुधा गायब. आज मराठी पेपर वाचणाऱ्याच्या हातात यादवकाळातला शिलालेख दिला तर तो जितपत वाचेल तितपत. ही जुनी भाषा स्वतंत्रपणे, वर्षानुवर्षं शिकावी लागते. मेडिकल कॉलेजात ती कुणी शिकवत नाही. पाच-सहा वर्षं आणि लाखो रुपये घालवून मुलगी दोन्हीकडून अर्धवट परतेल.

मग कवितांवर पोट भरतं का? खरं सांगायचं तर कवितांवर फारसं नाही. चाकण-रांजणगावला चिनी दुभाष्यांना काम मिळतं, पण ते मशीनचं, करारांचं, आजच्या बोलीचं. एप्रिल २०२० मध्ये चिनी गुंतवणुकीवर सरकारी मंजुरीची अट आल्यापासून त्या बाजाराचा भरवसाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांच्या यादीतून चिनी वगळली गेली, त्यामुळे शाळेत चिनीची शिक्षिका होईन म्हणाली तर मी थांबवेन. उरतं काय, तर भाषांतर, परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांतल्या मोजक्या जागा, आणि विद्यापीठ. तिथली वाट लांब आहे : बीए, एमए, नेट, पीएचडी, आणि मग जागा निघायची वाट पाहणं. पुण्यात फर्ग्युसनला पाली शिकवणारे पु. वि. बापट चिनी बौद्ध ग्रंथ थेट चिनीतून वाचत. हिराकावा या जपानी अभ्यासकाबरोबर त्यांनी केलेलं विनयटीकेच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांवरच्या टीकाग्रंथाच्या, चिनी पाठाचं इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेने १९७० साली छापलं. पण पगार पालीचा होता, हे विसरायचं नाही. मुलीलाही असाच एखादा खांब लागेल : इतिहास, बौद्ध अभ्यास किंवा आंतरराष्ट्रीय संबंध. कविता त्याच्या आधाराने चढेल.

कोर्स : दिल्लीत जेएनयूचं चिनी बीए, शांतिनिकेतनात १९३७ साली सुरू झालेलं चीना भवन. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून, सायन्सवाल्यांनाही चालतो. नंतर भाषेसाठी तैवान सरकारच्या शिष्यवृत्त्या असतात. बाकी त्यांच्या संकेतस्थळांवर सगळं मिळेल.

तरीही हे नुसतं वेड म्हणून मी सोडून देणार नाही. त्याचं कारण कविता नाहीत, समासातली एक टीप आहे. शेवटच्या फोटोत सू शी या चिनी कवीची मध्य-शरद पौर्णिमेच्या सणावरची रचना आहे, १०७६ सालची, रात्रभर पिऊन दूरच्या धाकट्या भावाच्या आठवणीत लिहिलेली. शेजारी पोरीने लिहिलंय : 'आज ६ ऑक्टोबर २०२५. आपली कोजागिरी आणि त्यांची मध्य-शरद एकाच रात्री. एरवी त्यांची आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येते. यंदा त्यांचा सहावा महिना दोनदा आला, म्हणून पुढे गेली. आपला अधिक महिना २०२६ला, ज्येष्ठ.' मी पंचांग काढून ताडून पाहिलं. बरोबर आहे. हॉस्टेलच्या खोलीत बसून, कुणी न सांगता, दोन देशांच्या अधिक महिन्यांचा मेळ घालणारी मुलगी नुसती हळवी नाही. तिला प्रश्न पडतो आणि तो सुटेपर्यंत ती सोडत नाही. मी पैज लावेन ती या टिपेवर.

तिलाही दोन शब्द, तिला वाचायला द्याल या आशेवर. बाई, घराची आठवण आली म्हणून कविता आवडणं आणि त्यात आयुष्य घालणं, यात बरंच अंतर आहे. सध्या बारावी आणि नीट दोन्ही दे, आता थोडेच महिने उरलेत. बरोबरीने सीयूईटीचा फॉर्मही भर. नीट झाली की एक काम कर. छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून घ्यायचा सण. त्या दिवसावरची, रिमझिम पावसात दारूचं दुकान विचारणाऱ्या वाटसरूची कविता दू मू या तांग काळातल्या कवीची म्हणून चिनी पोराटोरांना पाठ असते. पण त्याच्या जुन्या संग्रहात ती सापडत नाही. मग ती त्याच्या नावावर कधी लागली, कुणी लावली? महिनाभर याच्या मागे लाग, शब्दकोश घेऊन, हाताने अक्षरं गिरवत. कंटाळलीस तर चिनी छंद म्हणून ठेव, मालिका बघ, मजेत राहा. कंटाळली नाहीस तर मला थेट तूच लिही, बाबांकरवी नको.

आणि तुम्ही, नीटचा निकाल काहीही लागो, रिपीट करायचं की नाही हे तिला न विचारता ठरवू नका. पुढच्या वेळी हॉस्टेलवर जाल तेव्हा आधी फोन करून जा. एजंटकडून २५ हजार परत मागा. पावती घेतली असेल तर मिळण्याची शक्यता आहे. नसेल, तर निदान पुढचा हप्ता तरी देऊ नका.