तोंडाला बेसन, ओठावर ‘मी नाही खाल्ला’

प्रश्न : मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. बेसनाचा लाडू खातो, गालाला तूप, शर्टावर भुगा, तरी म्हणतो ‘मी नाही खाल्ला’. ‘खरं बोल, नाहीतर मार मिळेल’ म्हटलं की आणखीच ठाम राहतो. त्याचे बाबा म्हणतात, आत्ताच वळण लावलं नाही तर खोटं बोलायची सवय जडेल. काय करावं?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी मार बाजूला ठेवा, त्याने उलटंच होतं. थाप मारायला मुलाला दोन गोष्टी जमाव्या लागतात. मला ठाऊक आहे ते आईला ठाऊक असेलच असं नाही, हे उमजणं ही एक. जिभेवर आलेलं खरं उत्तर आवरून दुसरंच पुढे करणं ही दुसरी. पहिली साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येते, दुसरी तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान झपाट्याने वाढते. म्हणजे ही थाप बिघाडाची नव्हे, बुद्धी वाढत असल्याची खूण आहे. म्हणून ती चालवून घ्यायची असं मात्र नाही.

पहिली गोष्ट कुठवर आली आहे ते घरीच पाहता येतं. ओळखीच्या बिस्किटांचा रिकामा पुडा घ्या, त्यात खडू भरून तोंड दुमडा. (घरातल्या बिस्किटांच्या त्या निळ्या गोल डब्यात सुईदोरा असतो हे मुलांना पाठ असतं, तो डबा इथे चालणार नाही.) आजीला खोलीबाहेर थांबवा. मुलाला विचारा, ‘यात काय असेल?’ तो ‘बिस्किटं’ म्हणाला की उघडून खडू दाखवा, पुडा पुन्हा बंद करा आणि आत खरं काय आहे ते त्याच्याकडून वदवून घ्या. मग विचारा, ‘आजीने आत पाहिलेलं नाही. तिला हा बंद पुडा दाखवला तर ती काय म्हणेल, आत काय आहे?’ तीन वर्षांची बहुतेक मुलं सांगतात, ‘खडू’. चार-साडेचारची बरीचशी ‘बिस्किटं’ म्हणतात, तीही हसू दाबत. गंमत म्हणजे ‘उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?’ याचंही उत्तर लहानगी ‘खडू’ असंच देतात, आणि तेव्हा ती खोटं बोलत नसतात. ‘आजीला कळेल का?’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारू नका, नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. तोच पुडा दुसऱ्यांदा वापरण्यातही अर्थ नाही.

माराचं म्हणाल, तर व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना छापली. एका शाळेत चुकीला मार होता, दुसरीत नव्हता. पाठीमागे ठेवलेलं खेळणं वळून पाहायचं नाही, एवढीच अट. दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी पाहिलंच. पण माराच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, शिवाय पुढच्या प्रश्नांतही ती थाप त्यांनी जास्त सफाईने निभावली. एरवी या वयात थाप पुढच्याच वाक्यात फुटते. ‘पाहिलं नाही’ म्हणणारं मूल ‘मग काय असेल ते?’ विचारल्यावर खेळण्याचं नाव सांगून मोकळं होतं.

तेव्हा उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारू नका. ‘लाडू कोणी खाल्ला?’ हे त्याला खोटं बोलायचं आमंत्रणच आहे. सरळ म्हणा, ‘लाडू खाल्लेला दिसतोय. चल, भुगा पुसू. आता संध्याकाळचा लाडू नाही, पुढच्या वेळी मागून घे.’ तो आपणहून कबूल झाला तर ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं त्याच क्षणी म्हणा. संध्याकाळचा लाडू तरीही नाहीच, पण वर रागावणं, बाबांना सांगणं, दुसऱ्या दिवशी आठवण काढणं टाळा. बहुतेक घरांत गाडी घसरते ती इथेच. कबुलीनंतर अर्धा तास बोलणी बसली की पुढच्या वेळी गप्प बसणं फायद्याचं, हा हिशेब चार वर्षांच्या मुलालाही जमतो. ‘लांडगा आला रे आला’वरही फार भिस्त ठेवू नका. २०१४ च्या एका प्रयोगात त्या गोष्टीने मुलांचं खोटं कमी झालं नाही. खरं सांगितल्याबद्दल शाबासकी मिळते अशी गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र जास्त कबुली दिली.

प्रश्न : नातवाच्या हातून पानं मांडताना चार काचेचे पेले फुटले. त्याच्या आतेभावाने रागाने एकच पेला आपटला. पाच वर्षांची नात म्हणते, चार फोडणारा जास्त वाईट. तिला हेतू कळत नाही का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : कळतो, पण चारपुढे तो झाकला जातो. स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात हाच पेच मुलांपुढे ठेवला होता. चुकून पंधरा कप फोडणारा वाईट, की फडताळातून मुरंबा चोरताना एक कप फोडणारा? लहान मुलांनी पंधराकडे बोट दाखवलं. पुढे संशोधकांनी हरकत घेतली की त्यात नुकसान आणि हेतू दोन्ही एकदम बदलतात. चित्रं काढून हेतू उघड दाखवला तर तीन-चार वर्षांची मुलंही तो जमेस धरतात. तुम्ही नुकसान सारखं ठेवा. दोघांचा एकेक पेला, एकाचा हात ओला होता, दुसऱ्याने मुद्दाम आपटला. बोटांच्या बाहुल्यांनी करून दाखवा, हेतू शेवटी आणि ठसठशीत सांगा. त्यात ती चुकेनाशी झाली की मग चार विरुद्ध एक.

प्रश्न : तीन वर्षांची मुलगी ‘वाटून घ्यायचं’ असं बाहुलीला शिकवते, पण स्वतः मैत्रिणीला काही देत नाही. दिल्याबद्दल स्टिकर द्यावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नको. नियम कळणं आणि पाळणं यांत काही वर्षांचं अंतर असतं. निम्मं द्यायला हवं हे तिसऱ्या वर्षीच सांगता येतं, प्रत्यक्ष देणं सात-आठच्या आसपास. वस्तूच्या बक्षिसाने काय होतं ते वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांत पाहिलं. पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली मुलं मात्र मदत करत राहिली.

या वयात काम एकत्र केलं की वाटणी सोपी जाते. दोघींना एका ताटलीत मटार सोलायला बसवा आणि ‘एक तुला, एक मला’ करत तिलाच वाटू द्या. पाच-सहा दाण्यांपुढे तिचा मोजण्याचा गोंधळ होईल आणि तो तुम्हाला लबाडी वाटेल, म्हणून दाणे थोडेच ठेवा.