घरी केलेल्या शुक्राणू-चाचणीवर कितपत भरवसा ठेवावा?

“किटवर दोन रेषा आल्या, म्हणजे नवऱ्याचे सगळे ठीक आहे असे धरून आता माझ्याच तपासण्या करायच्या का?” असे आपण विचारले आहे. मुळीच नाही. आधी त्यांची वीर्यतपासणी चांगल्या लॅबमध्ये होऊ द्या.

बहुतेक घरगुती किटमधली पट्टी शुक्राणूंच्या डोक्यातले एक प्रथिन पकडते आणि त्यांची संख्या ठरावीक मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढेच सांगते. खोक्यावर छापलेली अचूकतेची टक्केवारी त्या एका गोष्टीपुरतीच असते. शुक्राणू पोहतात की जागच्या जागी पडून आहेत, त्यांचा आकार कसा आहे, वीर्याचे प्रमाण किती, हे पट्टीला कळत नाही. मेलेल्या शुक्राणूंनीही रेषा उमटते. मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडायची किट हालचाल मोजतात, परंतु आकाराबाबत तीही सहसा गप्पच असतात.

आमच्याकडे लॅबवाला यजमानांचा वर्गमित्र असल्यामुळे तिथे पाऊल टाकायला ते तयार नव्हते आणि म्हणून किट मागवले गेले. दोन रेषा आल्या. ती पट्टी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवली गेली आणि त्या दिवसापासून घरातला निकाल लागल्यासारखेच झाले. “भाऊजींचं बरोबर आहे, आता हिचंच काय ते बघा,” हे थोरल्या जाऊबाईंचे वाक्य मी जेवणाच्या पंक्तीतही ऐकले आहे. मग माझ्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि शेवटी गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारी एचएसजी झाली. ती करताना ज्या कळा येतात, त्यांचे वर्णन आपल्याला घाबरवायला नको म्हणून टाळते. माझे सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी शंका माझ्यावरच राहिली.

पुढे दुसऱ्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा “यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आम्ही पट्टी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारून चिठ्ठीवर ‘सिमेन अ‍ॅनालिसिस’ लिहिले. रिपोर्टमध्ये संख्या भरपूर होती. हालचाल करणारे शुक्राणू मात्र ११ टक्के. तपासणीत व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि एकूण हालचालीची ४२ टक्के आहे. पट्टीने संख्येचे खरेच सांगितले होते. बाकीचे आमच्या घरच्यांनी स्वतःच्या मनाने जोडले.

नमुना देण्यापूर्वी २ ते ७ दिवसांचा संयम पाळावा. सुरुवातीचा भाग सांडला तर तसे लॅबला सांगावे, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. लॅबमध्ये संकोच वाटत असेल तर घरी नमुना घेऊन, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभराच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात, पोहोचवता येते. फक्त तसे चालेल का ते आधी विचारावे. वर्गमित्राची लाज वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातही लॅब असतात, हे मी तेव्हाही म्हटले होते.

किट अगदीच टाकाऊ आहे असे नाही. लॅबचे नाव काढताच उठून जाणारा पुरुष किटमुळे निदान सुरुवात तरी करतो, आणि एकच रेषा आली तर टाळाटाळीला जागा उरत नाही. तरीही खचून जाऊ नये. मोठा ताप येऊन गेल्यावर काही आठवडे संख्या घटलेली असू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. वर सांगितलेल्या मर्यादांच्या खाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत. आपले वय पस्तिशीपुढे असेल, तर मात्र किटच्या खेळात महिने न घालवता दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू करा, आणि त्यांचा लॅबचा रिपोर्ट हाती येईपर्यंत एचएसजीची तारीख घेऊ नका, मग घरातले कोणी काहीही म्हणो.