सही केली म्हणजे उपचार बंद?

"मॅडम, या कागदावर सही केली तर उद्यापासून बाबांकडे कुणी बघणार नाही ना?"

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता माणसाच्या चेहऱ्याआधी हातातला डीएनआरचा, म्हणजे 'हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न नको' या आदेशाचा फॉर्मच दिसतो.

यावेळी विचारणारी चाळिशीतली मुलगी होती, साताऱ्याकडची. वडील ७७ वर्षांचे. मेंदूत रक्तस्राव, उजवी बाजू गेलेली, शुद्ध नाही. दाखल होऊन जेमतेम चार तास झालेले. भाऊ म्हणत होता, "करून टाक सही, हाल नकोत." ती म्हणाली, "मी त्यांचा गळा घोटू का?"

मी डॉक्टरांना विनंती करून सही थांबवली. पहिल्या काही तासांत पुढचं भाकीत फार चुकतं. रुग्णाची आधीची तशी इच्छा माहीत नसेल, तर मेंदूतल्या रक्तस्रावात हा निर्णय निदान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत लांबवावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या सूचनाही सांगतात.

तिसऱ्या दिवशी ती परत त्याच बाकड्यावर. फॉर्मची झेरॉक्स पाठकोरी होती. म्हटलं, "ताई, आत जा. बाबांचं दिवसभर काय काय करता ते सिस्टरांना विचारून मागच्या बाजूला लिहून आणा."

वीस मिनिटांनी आली. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून फीड, सक्शन, बीपीचं औषध, हवेची गादी, फिजिओ. डॉक्टरांसमोर तिने एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीला ते म्हणाले, "चालू."

"मग बंद काय?"

"हृदय थांबलं तर छाती दाबणं, शॉक देणं करायचं नाही. बाकी काही नाही."

ती बराच वेळ यादीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्यांना सोडत नाहीये." मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला शिकायला मला दहा वर्षं लागली. सहीच्या भीतीच्या पोटात अपराधीपणा असतो. तो समजावून जात नाही, हाताला काम दिलं की सैल पडतो.

तिची भीती अगदीच खोटी होती असंही नाही. 'डीएनआर आहे' म्हणून फिजिओ आठवडाभर फिरकला नाही, हे मी एका ठिकाणी पाहिलंय. म्हणून काय चालू राहणार ते केसपेपरवर लिहून मागा. हा आदेश फक्त सीपीआरपुरता, म्हणजे थांबलेलं हृदय सुरू करायच्या प्रयत्नांपुरता असतो; आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या सूचनाही तेच सांगतात. तो बदलताही येतो. चालू व्हेंटिलेटर काढणं ही वेगळी गोष्ट. त्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली पद्धत आहे. दोन्हींची गल्लत डॉक्टरांकडूनही होते.

चौथ्या दिवशी भावाला आठवलं. शेजारच्या अण्णांना भेटून आल्यावर बाबा म्हणाले होते, "माझं असं करू नका रे." मग दोघांनी मिळून सही केली.

यादी मात्र तिने परत घेतली. रोज संध्याकाळी सिस्टरांसमोर धरून एकेक ओळ विचारायची. सिस्टर वैतागायच्या. त्यांचा चहा माझ्याकडे असायचा.